मनगटावरची पट्टी

“तिला फार दुखलं नाही ना, मॅडम?” खुर्चीत बसायच्या आधीच चौगुल्यांनी विचारलं.

त्यांची बायको वत्सला कॅन्सरने जाऊन वर्ष होत आलं होतं. उपचार चालू असताना एका संशोधनासाठी डॉक्टर मॅडमनी तिच्या मनगटावर एक पातळ पट्टी चिकटवली होती. पेपर छापावा तसं त्या पट्टीवर यंत्र छापलेलं होतं, आणि नाडी, घाम मोजून ते दुखणं टिपत असे. “अहो, माझंही छापून आलं एकदाचं,” म्हणून ती हसली होती. आज ते संशोधन पुरं झालं म्हणून मॅडमनी चौगुल्यांना बोलावलं होतं.

“विचारलं की नेहमी म्हणायची, काही नाही हो, बरी आहे मी,” चौगुले म्हणाले.

“पट्टी तसं सांगत नाही, काका.” मॅडमचा आवाज खाली आला. “बहुतेक पेशंटचं असंच दिसलं. घरचं माणूस समोर असलं की ओठ आवळून सोसतात. ते बाहेर गेलं की कण्हतात, रडतात, नर्सकडे इंजेक्शन मागतात. मग जरा उतार पडतो.”

“हिला कधी पडला?”

मॅडमनी तिचा आलेख त्यांच्यापुढे सरकवला; दुखण्याची रेघ कुठेच खाली आलेली नव्हती.

वॉर्डातल्या नर्स रोज म्हणायच्या, काका, जरा खाली जाऊन चहा घेऊन या. चौगुले तिचा हात धरून तिथेच बसून राहायचे. लोक कौतुक करायचे.

“एकदा जरी चहाला गेलो असतो,” ते म्हणाले, “तर तिला रडता आलं असतं.”