हजरजबाबी

भल्याभल्या मंत्र्यांना त्याने कॅमेऱ्यासमोर घाम फोडला होता. समोरचा पुढारी गोलमोल बोलू लागला की तो कानाशी बोट नेई, क्षणभर थांबे आणि असा प्रश्न टाकी की पुढाऱ्याची बोलतीच बंद होई. बायकोचं मात्र एकच गाऱ्हाणं होतं, "टीव्हीवर तोंडाचा पट्टा चालू आणि घरी मिठाची गुळणी. साधं चहा की कॉफी विचारलं तरी ह्याला उत्तर सुचत नाही."

निवृत्तीच्या दिवशी चॅनलच्या हॉलमध्ये निरोपसमारंभ झाला. इतकी वर्षं कानात घातलेलं इअरपीस सहकाऱ्यांनी काचेच्या चौकटीत बसवून त्याला भेट दिलं आणि "सर, दोन शब्द बोला" म्हणत माईकसमोर उभं केलं. पहिल्या रांगेत बायको सावरून बसली.

"मित्रहो," तो म्हणाला. बोट कानाशी गेलं. तो थांबला, आणि थांबलाच. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली.

बायकोच्या शेजारी प्रोड्यूसरबाई केक खात बसल्या होत्या. आयुष्यभर त्या काचेपलीकडे बसून त्याच्या कानात बोलत आल्या होत्या. घास तोंडात असतानाच त्या सवयीने म्हणाल्या, "सगळ्यांचे आभार मान. मग बायकोचे. आता हस."

त्याने सगळ्यांचे आभार मानले, मग बायकोचे, आणि तो हसला. टाळ्यांचा कडकडाट झाला.



बायकोने आपली खुर्ची हळूच बाईंकडे सरकवली. "ह्याचा टीव्हीवरचा कार्यक्रम संपला म्हणजे तुम्हीही मोकळ्याच ना आता? सकाळच्या चहाला येत जा की आमच्याकडे."