बोलती माणसं

मालकांनी स्वतःच्या हातांनी केबिनचं दार बिजागऱ्यांसकट काढलं आणि सगळ्यांना सांगितलं, आजपासून कुणीही यावं, मनात येईल ते बोलावं.

सगळ्यांनी माना डोलावल्या. आलं कुणीच नाही.

कारखाना घडीच्या खुर्च्यांचा. वर्षभर माल परत येत होता. माणूस जरा मागे रेलला की खुर्ची मिटायची. एका शाळेनं तर सगळ्याच खुर्च्या परत पाठवल्या. वडिलांनी उभा केलेला कारखाना आपल्या हातून बुडणार, या धास्तीनं मालकांना घास गोड लागेना.

मग दर सोमवारी बैठक सुरू झाली. मालक सगळ्यांच्या बरोबरीनं बसत, स्वतः चहा ओतत. माझी चूक काढा, म्हणत. लोक कपात बघत बसत. खुर्च्यांच्या बैठका शिवणाऱ्या बाईंना काय सुचतंय विचारलं, तर म्हणाल्या, तुम्ही म्हणाल तसं.

एकदाच वेल्डर बोलला. सांध्यातली खीळ बारीक पडतेय, म्हणाला. मालक हरखले. त्याला शेजारी बसवून त्यांनी अर्धा तास समजावलं की आहे तीच खीळ कशी योग्य आहे. आवाज जराही चढवला नाही. शेवटी त्याची पाठ थोपटली.

"पण तू बोललास, हे महत्त्वाचं."

वेल्डरनं मान डोलावली. पुढच्या सोमवारपासून तोही कपात बघू लागला.

"त्यांच्या तोंडाला कुलूपच आहे," मालक घरी म्हणाले. "मी काय वाघ आहे?"

"नाही हो," बायको म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

त्याच सुमारास बाजारात दुसऱ्याची खुर्ची आली. जाड खीळ, जरा मागे उतरती बैठक, उचलायला पाठीत खाच. ती करणारा एके काळी मालकांच्याच हाताखाली शिकलेला. उरलीसुरली गिऱ्हाइकंही तिकडे वळली. मालकांनी एक विकत आणली, तिच्यावर बसले, मुद्दाम मागे रेलले. खुर्ची मिटली नाही.

रविवारी अभिमान गिळून ते त्या जुन्या शिष्याच्या कारखान्यावर गेले. यंत्रं बंद होती, पण आतल्या खोलीत नुसता कल्ला चालला होता. कुणीतरी टेबलावर थाप मारत होतं. एकाचं वाक्य दुसरा तोडत होता, मग सगळे एकदम हसत होते. सुट्टीच्या दिवशीही राबायला येणारी माणसं!

त्यानं लगबगीनं पुढे येऊन नमस्कार केला, पाणी दिलं. मालकांनी पेला तसाच हातात धरला.

"कारखाना या महिन्यात बंद करतोय," ते म्हणाले. "तुझ्याबद्दल राग नाही. फक्त एक सांग. तुझी माणसं इतकी मोकळी कशी केलीस?"

तो अवघडला. आतल्या खोलीकडे त्यानं एकदा पाहिलं.

"माझ्या माणसांना आज सुट्टी आहे, मालक," तो म्हणाला. "आत बसलीत ती तुमची."