तिसरा जोड

"तेल लावू नकोस," वडील खुर्चीतून म्हणाले. "तेल रबराला खातं. साबणाचं पाणी घे."

मुलाने साबणाचं पाणी घेतलं. मधे लोखंडी नळी असलेला तो रबराचा जाडजूड बुश वाइसच्या शिकंज्यात धरून दाबला, तेव्हा कुठे एकदाचा चाकाला धरणाऱ्या आर्ममध्ये बसला. हा तिसरा जोड. आधीचे दोन्ही थोड्याच दिवसांत फाटले होते आणि गाडीची खडखड पुन्हा सुरू झाली होती.

गाडी वडिलांच्या तरुणपणची, आणि सगळं घोडं तिच्यापाशीच अडलं होतं. पोटातली गाठ वाढत चालली होती आणि वडिलांनी हट्ट धरला होता. गाडी आठवडाभर आवाज न करता चालली की हॉस्पिटलात भरती होतो, ऑपरेशन करून घेतो. त्याआधी नाही. मेकॅनिकलाही हात लावू द्यायचा नाही. समजावून समजावून सगळ्यांनी हात टेकले, म्हणून मुलगा सुट्टी काढून गाडीखाली लोळत होता.

"या वेळी तरी नीट कर," दाराशी उभी असलेली आई म्हणाली. "गाडी जॅकवर असतानाच नट आवळून मोकळा होतोस. चाकं टेकून वजन आल्यावर आवळायचं, नाहीतर रबर पिळलेलं राहतं आणि फाटतं. ऐकून ऐकून मलासुद्धा पाठ झालं."

"मी गाडी उतरवूनच आवळले होते गं."

"मग काय भुताने पिळलं?"

आताशा त्याचा स्वतःवरच भरवसा उरला नव्हता. विसरलोही असू, असं त्याला वाटे. आपल्या धांदरटपणापायी बाप जाणार, हे त्याने मनाशी जवळजवळ धरूनच ठेवलं होतं.

या वेळी त्याने नट नुसते बोटांनी फिरवून सोडले. गाडी खाली उतरवली, दोन्ही हातांनी दाबून हलवली आणि मग सरपटत आत शिरून एकेक नट आवळला. आई-वडील दोघांनाही वाकून बघायला लावलं.

"झकास," वडील म्हणाले. त्यांचा चेहरा पिवळा पडला होता. "आता आठवडाभर चालव. जा, हॉस्पिटलात खाट सांगून ये."

मुलाला रडूच आलं. हात न पुसताच तो स्कूटर काढून निघाला. कोपऱ्यावर खिसा चाचपला तर पाकीट घरीच.

परत आला तेव्हा शेडचं दार ओढून घेतलेलं होतं. त्याने फटीतून पाहिलं. गाडी पुन्हा जॅकवर चढली होती, चाकं अधांतरी लोंबत होती. गाडीखालून आईचे पाय बाहेर आले होते आणि वडील खुर्चीतून वाकून तिला बॅटरी धरत होते.

"नट सैल झाला?"

"झाला."

"मग आता आवळ. आणखी. सगळा जोर लाव."

पाना करकरला.

"आता कापून काही उपयोग नाही म्हणाले डॉक्टर, ते पोराला कधी सांगायचं हो?" आईने खालूनच विचारलं.

"हाही जोड फाटू दे," वडील म्हणाले. "तोवर तरी त्याला आशा आहे."