महिनाभर बिनतक्रार

मीटरच्या कपाटात डोकं घालून बसलेल्या रूलोफची पाठ तेवढी दिसत होती. राउटर निवडायचं प्रकरण घरात तिसरा महिना चाललं होतं. जिन्याखाली एक छोटा सर्व्हर, त्यात दोघांचे फोटो आणि थोडे सिनेमे. एवढ्यासाठी इंटरनेट कंपनीने फुकट दिलेला डबा पुरे, असं वीत्स्केचं मत. पण ज्याच्या पोटातला प्रोग्राम कोणालाही उघडून वाचता येत नाही, असं यंत्र रूलोफला घरात नको होतं. उघडून वाचता येणारे राउटर मात्र दोन निघाले, आणि जगातली सगळी शहाणी माणसं त्या दोघांवरून एकमेकांच्या उरावर बसली होती. रूलोफ ती भांडणं रोज जेवताना वाचायचा.

आज दोन्ही उसने आणून त्याने एकेक जोडून बघायला घेतले होते. वीत्स्केने कॉफी आणली, सोबत एकेक बिस्कीट, आणि बिस्किटांच्या डब्याचं झाकण लावून टाकलं. त्याच्या मांडीवरच्या लॅपटॉपवर घरातल्या जोडण्यांचा नकाशा होता. त्यात जिन्याखालचा सर्व्हर होता, तिचा फोन होता, आणि एका लांबलचक रेषेच्या टोकाला आणखी एक सर्व्हर होता. त्याचं नाव ‘जुनी खोली’.

ओस्टरपार्क भागातली ती भाड्याची खोली त्याने ईस्टरला सोडली होती. निदान वीत्स्के तरी तसं समजत होती. त्याच्या कुंड्या तिनेच सायकलवरून इकडे आणल्या होत्या.

“हा कुठे आहे?” तिने विचारलं.

तिथेच आहे, रूलोफने निरागसपणे सांगितलं. नवीन गोष्ट नीट चालतेय याची खात्री होईपर्यंत जुनी बंद करायची नाही, हा त्याच्या संगणकवाल्या जमातीचा पहिला नियम. विजेचं बिल तोच भरत होता. भाडंही. पलंगसुद्धा हलवला नव्हता. या दूरदृष्टीचं ती कौतुक करेल, असं त्याला मनापासून वाटत होतं.

वीत्स्केने आपलं बिस्कीट खाली ठेवलं. इतके महिने ती ज्याला संसार म्हणत होती, त्याची इथे चाचणी चालली होती.

“खात्री कधी होते?”

“महिनाभर बिनतक्रार चाललं की.”

“आणि मध्येच तक्रार आली तर?”

“मोजणी पुन्हा पहिल्यापासून.”

भांड्यांच्या मशिनमध्ये ताटल्यांची तोंडं कुठल्या बाजूला करायची, यावरून त्यांचं दर आठवड्याला वाजायचं. या हिशेबाने तो म्हातारपणीही इथे पाहुणाच राहिला असता. तिला हसू येत होतं, रडू येत होतं, आणि दोन्ही येतंय म्हणून राग येत होता.

“माझ्याकडे जुनं काही नाही रे,” ती म्हणाली. “माझं आहे ते एवढंच.”

रूलोफ कपाटातून बाहेर आला. कॉफीचा कप बाजूला ठेवला. मग त्याने फोन काढला, खोली सोडतोय असं घरमालकाला लिहिलं, आणि आयुष्यात प्रथमच दुसऱ्यांदा न वाचता पाठवून दिलं. चेहरा पांढराफटक पडला होता.

वीत्स्केने नाक पुसलं. “बरं, आता सांग. यातला राउटर कुठला ठेवायचा?”

“कुठलाही.”

तिने घाबरून त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.