उष्टं ताट

कुमुद गेल्याचं सांगायला डॉक्टर बाहेर आले, तेव्हा मी तिच्या मेंदूतल्या गाठीचं कारण विचारलं.

"काही संशोधकांना अशा गाठींत एक साधा विषाणू सापडलाय. पण गाठ त्यानेच होते, हे सिद्ध झालेलं नाही."

"पसरतो कसा?"

"लाळेतून. पण काका, तो बहुतेकांच्या अंगात असतोच."

लग्नापासून कुमुद माझ्या उष्ट्या ताटात जेवली. वेगळं ताट घे म्हटलं की विचारायची, "ते घासायला तुम्ही येणार का?"

आज तेराव्याच्या जेवणात छोटी नात लाडू घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"आजोबा, आ कर! एक घास तुला, मग एक मला. आजी करायची तसं."

ती हात खाली घेत नाही. मी अजून तोंड उघडलेलं नाही.