तेरा डॉल्फिन आणि बघूसाहेब

“बघू,” सासूबाई म्हणाल्या आणि वाटाणे सोलत राहिल्या.

सुनेचा आवाज चढला. तीन आठवड्यांत तेरा डॉल्फिन मरून किनाऱ्याला लागलेत, साहेब, ती म्हणाली. एरवी वर्षाला दोन सापडले तर सापडतात. आता बघण्यासारखं काय उरलंय?

“वर विचारून बघू,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

सून अशी काही भडकली की आपण स्वयंपाकघरात उभ्या आहोत हेच क्षणभर विसरली. सासूबाईंना हसू आवरेना. शाळेत तीस वर्षं मुलांची नाटकं बसवलेली बाई ती. सोंग वठवणं म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ. उद्या सकाळी मत्स्य खात्याच्या साहेबांपुढे काय बोलायचं त्याची ही तालीम चालली होती. “तिथे अशी चिडलीस तर फाइल गेलीच म्हणून समज,” त्यांनी बजावलं. “चल, पहिल्यापासून.”

सून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होती. गाईगुरं आणि कुत्री हा तिचा रोजचा संसार. डॉल्फिन मरू लागले तेव्हा मत्स्य खात्याने तिला काही काळासाठी मागून घेतलं. तेव्हापासून दिवस उजाडायच्या आत फोन यायचा. वाळूत गुडघे टेकून ती एकेक जनावर उघडून तपासायची. घरी परतली की मागच्या दाराशी सासूबाई गरम पाण्याची बादली घेऊन उभ्या असायच्या. आधी आंघोळ, मग चहा, मग बोलणं, असा त्यांचा कायदा होता.

तेराच्या तेरा जनावरांच्या पोटात उपसागरातली बारीक मासळी होती. मरण्याआधी ते पाण्यात गरगर फिरतात, असं होडीवाले सांगत. तिला संशय होता तो पाण्यावर आलेल्या तांबूस शेवाळाचा. त्याचं विष मासळीत उतरलं असावं आणि मासळीतून डॉल्फिनच्या अंगात. तीच मासळी आणि तिथलेच शिंपले गावातल्या घराघरांत शिजत होते. नमुने प्रयोगशाळेत गेले होते, पण अहवाल यायला आठवडा लागणार होता. तोवर मासेमारी थांबवणं एकट्या साहेबांच्या हातात होतं. स्वतःच्या अधिकारात ते सात दिवस बंदी घालू शकत. अहवालात काही निघालं नाही, तर जबाबही त्यांनाच द्यावा लागणार होता.

आणि साहेब म्हणजे बघूसाहेब. ऑफिसात हेच नाव पडलं होतं. निवृत्तीला पाच महिने राहिले होते. उभ्या नोकरीत त्यांनी वर विचारल्याशिवाय एक खिळासुद्धा ठोकला नाही, असं शिपायापासून सगळे सांगत. तिने तेरा अहवाल पाठवले होते. तेराही वेळा एकच शेरा आला होता: ‘पाहिले. फाइल करावे.’

दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या खोलीत वीस मिनिटं बोलली. कुठे अडखळली नाही आणि चिडली तर मुळीच नाही. टेबलावर नकाशा पसरून तिने शेवाळ कुठून कुठे सरकलं ते दाखवलं. साहेब हनुवटीला हात लावून ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला, तेवढंच. शेवटी तालमीत नसलेलं एक वाक्य तिच्या तोंडून निघून गेलं.

“काल माझ्या मुलीच्या ताटातली मासळी मी काढून घेतली, साहेब. बाकीच्या मुलांच्या ताटातली कोण काढून घेणार?”

साहेब ‘बघू’ म्हणाले नाहीत. त्यांनी खण उघडला आणि एक कागद तिच्यापुढे ठेवला. सात दिवस मासेमारी बंद, शिंपले गोळा करणंही बंद. खाली त्यांची सही होती. सहीखाली तारीख कालची होती. खिडकीबाहेर, बंदी पुकारायला भोंगा बांधलेली खात्याची लाँच धक्का सोडून निघाली होती.

तिने कागद दोनदा वाचला. मान हलवून ती बाहेर पडली. घरी हे ऐकल्यावर सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे माझा साहेब खऱ्यापेक्षा वाईट निघाला की.”

ते सात दिवस सोपे गेले नाहीत. होडीवाले ऑफिसच्या दारात येऊन बसले. त्यांनी साहेबांचा उद्धार करायचा बाकी ठेवला नाही. साहेब खुर्ची सोडून पायरीवर त्यांच्या शेजारी जाऊन बसत आणि सगळं ऐकून घेत. सातव्या दिवशी अहवाल आला. शेवाळाचं विषच निघालं. मग वरच्यांनी आपणहून बंदी वाढवली आणि पाणी तपासायला माणसं पाठवली. पुढच्या पंधरवड्यात चार डॉल्फिन सापडले, त्यानंतर एक. मग पहाटेचा फोन यायचा थांबला. गावात एकही माणूस आजारी पडला नाही. बंदी उठली त्या दिवशी शिव्या देणाऱ्या त्याच होडीवाल्यांनी ऑफिसात टोपलीभर ताजी मासळी आणून ठेवली.

साहेबांच्या निरोप समारंभात चहा चालू असताना तिने त्यांना बाजूला गाठलं. इतके दिवस मनात घोळत होतं ते विचारलं. सही तर आदल्या दिवशीच झाली होती. मग वीस मिनिटं बोलू का दिलंत?

साहेबांनी हातातला पुष्पगुच्छ खिडकीत ठेवला.

“आयुष्यात पहिल्यांदा कोणाला न विचारता सही केली होती, डॉक्टर,” ते म्हणाले. “बरोबर केलं की नाही, ते तुमच्या तोंडून ऐकत बसलो होतो.”