ताकदीची बाटली

दर्यापूरच्या कोर्टात साक्षीला उभ्या राहिलेल्या मनकर्णाबाईला एकाच प्रश्नाची धास्ती होती. बाकीची उत्तरं सरकारी वकिलानं बाहेरच्या बाकावर तीनतीनदा घोटून घेतली होती.

आरोपी दाखवा म्हटल्यावर तिनं शालिकरामकडे हात केला. तो वीस वर्षं अमरावतीत एका डॉक्टरकडे कंपाउंडर होता, आणि मग गावात येऊन स्वतःच डॉक्टर झाला. पदवी नव्हती; गावानंही कधी मागितली नव्हती. मागच्या वर्षी एकाच आठवड्यात त्याच्या हातून दोघं गेले. आधी मनकर्णाबाईची सून गीतांजली, मग म्हातारा पुंजाजी.

कापूसवेचणी लागायच्या आधी ताकदीची बाटली लावून घ्यायची, अशी गावातल्या बायकांची रीतच पडली होती. सलाईन संपेस्तोवर खाटेवर पडून गप्पा हाणायच्या आणि दुसऱ्या दिवशी कापसासाठी कमरेला ओटी बांधून शेतात. मनकर्णाबाईनं स्वतः सातआठ वेळा लावली होती. तिला कधी काही झालं नाही, तिथंच घात झाला.

गीतांजलीला दोन दिवस ताप होता. तापात बाटली नको, दर्यापूरला सरकारी दवाखान्यात न्या, असं शालिकराम सांगत होता. पण सरकारी दवाखान्यात अख्खा दिवस मोडतो आणि वेचणी तर तोंडावर आलेली. गावाच्या जिवावर बारा वर्षं जगले अन् आता नखरे करता काय, असं मनकर्णाबाईनं त्याला चांगलंच सुनावलं. बिचाऱ्यानं मुकाट्यानं पिशवी उघडली. अर्धी बाटली जाते न जाते तोच पोरगी थरथरायला लागली.

मनकर्णाबाईचा मुलगा, गीतांजलीचा नवरा धर्मेंद्र तेव्हा अकोल्याला कामावर होता. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. आपली साक्ष सकाळीच आटोपून तो आता मागच्या बाकावर बसला होता. त्याला कळलं तर तो चार वर्षांच्या पिंकीला घेऊन कायमचा निघून जाईल, या भीतीनं वर्षभर मनकर्णाबाईला अन्न गोड लागलं नव्हतं. आईवेगळी ती नात तिच्याच कुशीत निजत होती.

आरोपीचा वकील उठला. त्या दिवशी सलाईनचा आग्रह, एवढंच तो बोलला आणि शालिकरामनं त्याला खुणेनं जवळ बोलावलं. कोर्टाची खोली ती केवढीशी. मनकर्णाबाईला सगळं ऐकू आलं.

"राहू द्या साहेब. तिचा पोरगा बसून राहिला मागं."

वकिलानं कपाळाला आठ्या घातल्या, पण विचारायचं काही नाही असं सांगून तो खाली बसला. न्यायाधीशांनी तिला उतरायला सांगितलं. सुटली होती ती. आणि तिला जन्मात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"डॉक्टर नाईच म्हणत होते, साहेब," ती म्हणाली. "मीच लावाले लावली बाटली."

न्यायाधीशांनी ते लिहून घ्यायला लावलं. मग आरोपीच्या वकिलाचा खुललेला चेहरा पाहून ते शांतपणे म्हणाले, आग्रह कोणाचाही असो, पदवी नसलेल्या माणसानं सुई हातात धरायचीच नव्हती. शालिकरामनंही मान हलवली. मनकर्णाबाईच्या खरं बोलण्यानं त्याचं फारसं काही वाचणार नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात धर्मेंद्र उभा होता. ती जवळ आली तरी तो ओरडला नाही की निघूनही गेला नाही.  त्यानं विचारलं, "गीता काही म्हणे काय तवा?"

शालिकराम यायच्या आधीचं ते घरातलं बोलणं. ते ऐकणारं दुसरं कोणी आता जगात नव्हतं. नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"'आई, मले दर्यापूरले न्या,' म्हणे," मनकर्णाबाई म्हणाली. "दोन खेपा म्हणलं तिनं."